पुढची योग्य कृती कोणती

धोपाव्याहून सुटणाऱ्या पावणेसातच्या फेरीबोटीत
मी डाव्या कठड्याला उभी असते,
डिझेलचा धूर उजवीकडे जातो म्हणून.
हातात रद्दीतल्या लसीकरण कार्डांचा गठ्ठा.
पुढच्या बाजूला कुणाकुणाच्या पोरांचे गोवर, पोलिओ,
पाठीमागे माझे प्रश्न, निळ्या शाईत,
खाऱ्या हवेने थोडे फुगलेले.

कोर्स संपला, परीक्षा राहिली.
गेल्या खेपेला चार गुणांनी गेली.
पास झाले तर नावापुढे लागेल
नर्स प्रॅक्टिशनर, मिडवाइफरी.
दाभोळच्या केंद्रात अजून कुणाला ते धड म्हणता येत नाही.
शिपाई पाष्टे विचारतात, "म्हणजे सुईणच ना, बाई?
पण सर्टिफिकेटवाली."
मी हो म्हणते. इतकं नेमकं उत्तर
गाईडातही नाही.

तिकीट फाडणारा दिलावर मुकादम कार्डं ओढून घेतो.
नववीनंतर त्याने वही बघितलेली नाही.
ऑक्सिटोसिनचं तो ऑक्शन करतो,
बंदरावरच्या लिलावासारखी बोली लावत:
"बाळ आलं. आता किती? पाच? दहा?"
दहा युनिट. स्नायूत. एका मिनिटाच्या आत.
"गेलं!" म्हणतो, सौदा पटल्यासारखं,
आणि मोटारसायकलवाल्याकडे वळतो.
खाडी ओलांडेपर्यंत सहा प्रश्न होतात.
पाणी उलटं असलं तर सात.

रात्री बांगड्याचं कालवण झाकून ठेवते
आणि ओट्याशी उभी राहून पाठ करते,
शिरेतून चार ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच.
पडवीतून सासरे विचारतात, "कुणाला झटके आले गो?"
कुणाला नाही. पुस्तकातली आहे.
"मग नीज."

पुस्तकातल्या बायकांकडे सगळे रिपोर्ट असतात.
त्यांतली एकही
चुलतसासूचं तेरावं उरकून मग आलेली नसते.
शेवटी चार पर्याय, त्यातला क बहुतेक वेळा
तातडीने वरच्या रुग्णालयात पाठवा.
शेवटची बोट कितीला सुटते
ते प्रश्नात नसतं.

मार्गशीर्षात, अमावास्येच्या आदल्या रात्री,
रोहिणी भुवडला रिक्षातून धक्क्यावर आणलं.
अलीकडची ॲम्ब्युलन्स गुहागरला गेलेली,
पलीकडची दाभोळच्या उतारावर दिवा फिरवत उभी.
मधे काळं पाणी.
दिलावर बोटीतच झोपतो. मी हाक मारली.
त्याने लुंगी आवळली, सारंगाला उठवलं, साखळी सोडली.

बाळ खाडीच्या मध्यावर आलं,
गाड्या लावतात त्या लोखंडी पत्र्यावर,
माझ्या शालीवर.
रडलं. मग रक्त आलं,
आणि येतच राहिलं.
दिलावर पाठ करून उभा, बॅटरी खांद्यावरून मागे धरलेली.
माझा हात लसीच्या डब्यात, बर्फात,
बोटं बधिर,
आणि एक क्षण, खरंच सांगते, डोकं कोरं.
तेवढ्यात तो काळोखाला ओरडला,
"दहा युनिट! स्नायूत! एका मिनिटाच्या आत!"

दिलं. पोट चोळत राहिले
हाताखाली सोललेल्या नारळासारखं घट्ट लागेपर्यंत.
इंजिनाचा आवाज मला नंतर ऐकू आला.

वेळ एक बेचाळीस, तिकिटाच्या पाठी लिहिली.
जन्मस्थळ काय लिहू, धोपावे की दाभोळ?
रोहिणी काही बोलली नाही, बाळाचे कान बघत होती.
"मधे," दिलावर म्हणाला.

आज पुण्याची गाडी पकडायची, उद्या पेपर.
दिलावरने पूर्ण तिकीट घेतलं, सुटे नाहीत म्हणून कुरकुरला.
एका कार्डावर मी परवा पाचवा पर्याय लिहिला होता,
दिलावरला हाक मारा.
तो खोडला. उत्तरपत्रिकेत चारच गोल असतात.
"विचारू?" तो म्हणाला.
पाणी उलटं होतं.
सात झाले.